बेपत्ता मामांच्या आठवणीचा आर्पियेरा: कापड, टाके आणि मजकुराबद्दल मदत हवी

ओवी_पुणे

नमस्कार. बळजबरीने बेपत्ता केलेल्या माणसांसाठी ३० ऑगस्टला आंतरराष्ट्रीय दिवस पाळतात. त्यासाठी आमच्या शिवणगटाने चिलीतल्या बायका शिवत तसे आर्पियेरा, म्हणजे गोणपाटावर चिंध्या आणि बाहुल्या लावून केलेली चित्रं, शिवायचं ठरवलंय. आम्ही बारा जणी आहोत आणि दोन दिवस, रोज पाच तास वेळ आहे. गोधडी सगळ्यांना येते, भरतकाम जेमतेम.

गटातल्या एक बाई मूळच्या चिलीच्या. त्यांच्या मामांना १९७४ साली सान्तियागोतल्या घरातून उचलून नेलं, त्यानंतर काहीच ठावठिकाणा नाही. मधलं चित्र मामांचं असेल, बाकी अकरा त्या काळातल्या चिलीची.

विचारायचं ते असं. कापड कोणतं आणि किती घ्यावं? बाहुल्या कशा करतात? मामांचे दोन शर्ट आजीने जपून ठेवले होते, ते आता भाचीकडे, म्हणजे या बाईंकडे आहेत. त्यातला एक कापून बाहुलीला घालावा असं तिच्या मनात आहे, ते कसं करावं? फोटो कापडावर कसा उतरवायचा? आणि मागच्या खिशात चिठ्ठी ठेवतात म्हणे, तिच्यात काय लिहायचं?

---

टाकेवाली

गोधडी येते म्हणजे हात तयार आहे. फक्त गोधडीत धावदोरा सगळे थर धरतो आणि नक्षीही त्याचीच होते. इथे तुकडे वरून लावायचे असतात, म्हणजे ठिगळकाम, आणि उठाव येतो तो बाहुल्यांमुळे.

तळाला तागाचं गोणपाट घ्या. चिलीत पिठाची आणि बटाट्याची पोती उसवून वापरत. आपल्याकडे आता मिळणारी बरीचशी पोती प्लॅस्टिकच्या विणीची असतात, ती नकोत. ताग असला तरी आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला नाही ना, ते उलटून पाहा. नव्या गोणपाटाला रॉकेलसारखा वास येतो, कारण ताग मऊ करायला कारखान्यात तेल लावतात. न धुता वापरलं तर वरच्या पांढऱ्या कापडावर त्याचे पिवळट डाग उतरू शकतात. कोमट पाण्यात थोडी साबण पावडर घालून दोन तास भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. ते आटतं, म्हणून आधी धुवायचं आणि मग कापायचं. त्याखाली मांजरपाट येईल, तोही आधी धुऊन घ्या. नाहीतर पुढे कधी ओल लागली की तो आटेल, गोणपाट तसंच राहील आणि चित्र फुगेल.

एक तुकडा ५० बाय ४० सेंटिमीटर कापा. कडा दुमडून चित्र ४५ बाय ३५ चं राहतं, मूळच्या बऱ्याच आर्पियेऱ्यांचा आकार याच्या आसपासच असतो. एक मीटर पन्ह्याचं गोणपाट असेल तर बारा तुकड्यांना २.४ मीटर लागतं, आटणं धरून ३ मीटर घ्या. ९० सेंटिमीटर पन्ह्याचा मांजरपाट साडेतीन मीटर. कापताना खडूच्या रेघेवर भरवसा ठेवू नका. जिथे कापायचं तिथला एक धागा ओढून काढा आणि त्या वाटेने कात्री चालवा, म्हणजे कड सरळ येते. कापल्या कापल्या चारही बाजूंना मशीनची झिगझॅग मारा. मशीन नसेल तर कड लगेच दुमडून टाचा. संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली तर दोन बोटं कड सुटून जाते.

दोन्ही कापडं एकावर एक ठेवून मोठ्या तिरक्या टाक्यांनी कच्ची शिवून घ्या. मग क्रम असा: आकाश, डोंगर, जमीन, घरं आणि झाडं, सगळ्यात शेवटी माणसं. बाहुल्या आधी लावल्या तर पुढे कापड हातात धरताना चुरगळतात, आणि त्यांच्या मागे सुई नेता येत नाही.

ठिगळाला चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर दुमड ठेवा आणि कडेने काजाचा टाका घाला. टाक्यांत ४ ते ५ मिलिमीटर अंतर पुरे. प्रत्येक टाक्यात गोणपाटाचे दोन-तीन धागे आणि खालचा मांजरपाट दोन्ही आले पाहिजेत. नुसत्या गोणपाटात घेतलेला टाका विणीतून सरकतो आणि ठिगळ लोंबायला लागतं. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच. दुसरी खोड म्हणजे दोरा ओढून घट्ट करायची. गोधडीत ती सुरकुती शोभते, इथे डोंगराची रेघ मोडते. दर पाच-सहा टाक्यांनी काम टेबलावर सपाट ठेवून हात फिरवा. शिवताना दाभण नको, भोक मोठं पडतं. सुती दोऱ्याला सात किंवा आठ नंबरची सुई, लोकरीला मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची.

बाहुलीच्या डोक्यासाठी अंगाच्या रंगाच्या सुती कापडाचा ४ सेंटिमीटर व्यासाचा गोल कापा. कडेने बारीक धावदोरा घाला, मध्ये वाटाण्याएवढा कापूस ठेवा आणि दोरा ओढा. साधारण पावणेदोन सेंटिमीटरचं डोकं होतं. कापूस जास्त झाला तर गोटी होते आणि चेहऱ्याला सपाटी उरत नाही. केस काळ्या लोकरीचे, डोळे दोन गाठींचे, तोंड एका टाक्याचं. धडाला ५ बाय ६ चा तुकडा दुमडून नळी करा, हात-पाय वेगळे. उभी बाहुली ७-८ सेंटिमीटरच्या वर नको, एका चित्रात चार-पाच मावायला हव्यात. चिलीतल्या बायका जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर, काड्यापेटीच्या काड्या, पत्र्याचे तुकडे, हाताला येईल ते वापरत. तुम्हीही नवीन कापड आणू नका. घरातल्या चिंध्या आणा, रंग आपोआप खरे येतात.

अक्षरं थेट गोणपाटावर भरू नका, वीण उघडी असल्याने ती वाकडी होतात. मांजरपाटाच्या पट्टीवर भरून मग पट्टी लावा. देवनागरीत शिरोरेषा आधी पेन्सिलने आखून घ्या. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान अक्षरात जोडाक्षर बुजतं, तेवढी उंची ठेवा. उलटी टीप, दोन पदरी दोरा.

फोटोसाठी इस्त्रीने उतरणारा कागद मिळतो. त्यावर चित्र आरशात दिसतं तसं उलटं छापून घ्यावं लागतं. विसरलात तर फोटोतली अक्षरं उलटी येतात आणि चेहऱ्याचा भांग दुसऱ्या बाजूला जातो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर साध्या कापडावर काढलेला फोटो पाण्याच्या एका थेंबाने पसरतो, तो प्रकार टाळा.

---

दक्षिणायन

कापडाचं वर आलंच आहे, मी चित्रात काय असावं त्याबद्दल लिहितो.

११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्करप्रमुख पिनोशेंनी सत्ता बळकावली. आर्पियेऱ्यांचे गट १९७४ पासून चर्चच्या आश्रयाने सुरू झाले. त्यात बेपत्ता माणसांच्या आया, बायका, बहिणी होत्या, आणि नवऱ्याची नोकरी गेलेल्या वस्त्यांतल्या बायकाही. १९७६ च्या १ जानेवारीपासून कार्डिनल सिल्वा एन्रिकेस यांनी स्थापन केलेली विकारिया दे ला सोलिदारिदाद ही संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ती कामं विकत घ्यायची आणि देशाबाहेर पाठवायची. बायकांना चार पैसे मिळत आणि वर्तमानपत्रांत छापून येऊ शकत नसलेली बातमी बाहेर जाई. शिवणारीचं नाव मात्र कुठेही नसे, कारण नाव सापडलं तर पुढची पाळी तिची. मागचा खिसा त्याचसाठी. समोर चित्र, आत घडीच्या कागदावर ते कशाचं आहे ते.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: 'अत्याचार', 'वेदना', 'स्वातंत्र्य' असली चित्रं काढू नका. तुटलेल्या बेड्या नकोत, कबुतरं नकोत. त्या बायकांनी जागा, तारीख, माणूस नेमका दाखवला आणि त्यांच्या कामाचं बळ त्यातच आहे. अकरा चित्रांसाठी इतके प्रसंग समोर आहेत:

न्यायालयाच्या पायऱ्यांवर ओळीने उभ्या बायका. नातेवाइकांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असे, हजारो अर्ज केले, जवळजवळ सगळे फेटाळले गेले. 'या नावाची व्यक्ती अटकेत नाही' हे उत्तर ठरलेलं.

छातीवर फोटो टाचलेल्या बायका आणि हातात 'दोन्दे एस्तान', म्हणजे 'कुठे आहेत ते?' असा फलक.

बंद पडलेल्या संसदेच्या कुंपणाला साखळ्यांनी स्वतःला बांधून घेतलेल्या बायका, १९७९. साखळीसाठी खोट्या दागिन्यांची बारीक साखळी शिवता येते.

कुएका सोला. कुएका हा चिलीचा जोडीने करायचा नाच, हातात रुमाल. ८ मार्च १९७८ ला सान्तियागोच्या कौपोलिकान नाट्यगृहात बेपत्ता माणसांच्या घरच्या बायकांनी तो जोडीदाराविना केला. शिवताना बाईला मध्यभागी ठेवू नका. एका बाजूला ठेवा आणि जोडीदाराची जागा तेवढीच मोकळी सोडा, नाहीतर ती नुसती नाचणारी बाई दिसते.

लोनकेनच्या चुनाभट्ट्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्ला दे माइपो गावातल्या १५ जणांना पोलिसांनी पकडलं. सरकारी कागद सांगत होते की त्यांना राजधानीतल्या स्टेडियमवर पाठवलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांचे अवशेष लोनकेनच्या भट्ट्यांत सापडले. सरकार 'ही माणसं अस्तित्वातच नाहीत' म्हणत असताना हाती आलेला हा पहिला ठोस पुरावा होता. पुढच्या वर्षी अवशेष नातेवाइकांना देण्याऐवजी परस्पर सामाईक खड्ड्यात टाकले, आणि १९८० मध्ये भट्ट्या सुरुंगाने उडवल्या. आर्पियेऱ्यांत मात्र त्या भट्ट्या राहिल्या. हे चित्र करणार असाल तर भट्टीच्या दोन कमानी आणि बाहेर उभ्या बायका पुरेत. आत काय होतं ते शिवायचं नाही.

कालामाच्या बायका. ऑक्टोबर १९७३ मध्ये तिथे २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्या घरच्या बायका पुढे कित्येक वर्षं हातात फावडी घेऊन आताकामाचं वाळवंट उकरत राहिल्या. इथे रंग दोनच ठेवा, वाळू आणि आकाश.

आन्देसचे डोंगर बहुतेक सगळ्या आर्पियेऱ्यांत पाठीमागे असतात, ते ठेवा. आणि रंग उजळ ठेवा. विषय दुःखाचा म्हणून काळा-करडा वापरायचा मोह होईल, पण मूळ कामं निळी, लाल, पिवळी आहेत.

मामांच्या चित्रासाठी भाचीला तीन गोष्टी विचारा: ते काय काम करत, घरात कुठे बसत, नेलं तेव्हा घरात कोण होतं. त्यावरून खोली शिवा. ज्या जागी ते बसत ती खुर्ची, तिच्यावर त्यांची एखादी वस्तू. हत्यारबंद माणसं दाखवायची की नाही, हे तिला ठरवू द्या.

---

वस्त्रजतन

शर्ट कापू नका. धुऊही नका, इस्त्रीही नको. हे मी ठामपणे सांगते, कारण मागे फिरता येत नाही.

चिलीत शोध अजून संपलेला नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला सरकारने राष्ट्रीय शोध योजना जाहीर केली, तेव्हा अधिकृत यादीत १,४६९ जण होते आणि त्यातल्या फक्त ३०७ जणांचे अवशेष सापडून ओळख पटली होती. एखाद्या अवशेषासोबत बटण, कापडाचा तुकडा निघू शकतो. किन्तेरोच्या उपसागरातून २००४ मध्ये वर काढलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याला शर्टाचं बटण चिकटलेलं होतं. माणसांना रुळाला बांधून समुद्रात टाकत, त्याचा तो पुरावा ठरला. घरात ठेवलेला शर्ट म्हणजे माप, बटणांची जात, शिंप्याची शिवण, सगळी तुलना करायची वस्तू.

करायचं ते इतकंच. हातमोजे घालून शर्ट पांढऱ्या चादरीवर पसरा. पुढून, मागून, कॉलर, बाह्यांची टोकं, प्रत्येक बटण आणि असेल तर शिंप्याची पट्टी, यांचे मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. मग आम्लविरहित कागद घड्यांमध्ये घालून कागदी पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्या आत ओल धरते आणि बुरशी येते, बुरशी कापडही खाते आणि त्यावर राहिलेले जैविक अंशही. दोन शर्टांना दोन वेगळ्या पिशव्या. डांबरगोळ्या कापडाला लागून ठेवू नका.

बाहुलीच्या शर्टासाठी त्याच फोटोवरून कापड छापून घ्या. सुती कापडावर छपाई करून देणारे शहरात मिळतात. नक्षी बाहुलीच्या मापाने लहान करून घ्या, नाहीतर खऱ्या शर्टाची चौकट ७ सेंटिमीटरच्या बाहुलीवर अख्ख्या छातीभर येते. शर्ट एका रंगाचा असेल तर जुन्या कपड्यांतला जुळता तुकडा शोधा.

भाचीला अजून एक सांगा. मामा आणि भाची यांचा मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून येणारा डीएनए, एकच असतो, दोघांनाही तो त्या आजीकडून आलेला. काका-पुतणीत तसं नसतं. म्हणजे तिचा नमुना ओळख पटवायला कामाचा आहे. चिलीच्या न्यायवैद्यक सेवेकडे कुटुंबाचा नमुना आधीच दिला आहे का, हे नातेवाइकांना विचारून घ्या, दिला नसेल तर दूतावासात चौकशी करा. हे महत्त्वाचं का, तर सान्तियागोच्या सार्वजनिक दफनभूमीतल्या पातिओ २९ या भागातून काढलेल्या ९६ जणांची ओळख पटल्याचं जाहीर झालं होतं, आणि २००६ मध्ये त्यातल्या ४८ ओळखी चुकीच्या निघाल्या. घरच्यांनी दुसऱ्याच कुणाला आपलं म्हणून पुरलं होतं.

तयार चित्रांबद्दल. भिंतीला खिळे किंवा टाचण्या मारून टांगू नका, वजन दोन बिंदूंवर येऊन गोणपाट ताणतं. वरच्या कडेला मागून मांजरपाटाची ४ सेंटिमीटरची नळी शिवा आणि तिच्यातून लाकडी दांडी घाला. उन्हाच्या तिरिपेत एक आठवडा राहिलं तरी लोकरीचा रंग उतरू लागतो. नंतर ठेवताना घडी नको, बाहुल्या चेपतात, सपाट खोक्यात ठेवा. लोकरीला कसर लागलीच तर पिशवीतली हवा काढून, तोंड बंद करून, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, २४ तासांनी उघडा, नाहीतर गार कापडावर दव धरतं.

---

ओवी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. शर्टाचं भाचीला आजच सांगितलं, ती कापणार नाही. नमुन्याबद्दल घरी विचारते म्हणाली.

अजून एक. या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मामांचा फोटो ठेवून हार, समई आणि मागे 'श्रद्धांजली' असा फलक लावायचं आमच्यातल्या काहीजणींनी ठरवलंय. फलकावर 'कै.' लावायचं का, यावर अडलंय. आणि चिठ्ठीचा मजकूर?

---

दक्षिणायन

हार नको, 'कै.' नको, 'श्रद्धांजली' तर नकोच.

आपल्याकडे फोटोला हार चढला की माणूस गेला असं सगळे धरतात, आणि चिलीतल्या कुटुंबांनी नेमकं तेच मान्य केलं नाही. जिवंत नेलं, मग काय केलं ते तुम्ही सांगा, ही त्यांची मागणी. नातेवाइकांनी मृत्यू मान्य करावा, हे तर सरकारला हवंच होतं. १९७५ मध्ये ११९ जणांची यादी अर्जेंटिना आणि ब्राझीलमधल्या बनावट नियतकालिकांत छापून आणली, ही माणसं परदेशात आपापसांत लढून मेली म्हणून. त्यातल्या कित्येकांना चिलीतच ताब्यात घेताना लोकांनी पाहिलं होतं. अशी खोटी मरणं पाहिलेल्या घरासमोर आपण हार घेऊन उभं राहायचं नसतं.

कायद्यातही हा फरक त्यांनी मिळवला. आपल्याकडे सात वर्षं खबर नसेल तर माणूस मृत मानता येतो. चिलीत २००९ च्या २०,३७७ क्रमांकाच्या कायद्याने 'बळजबरीने बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित' असं न्यायालयाकडून जाहीर करून घेता येतं. त्यामुळे वारसा, मालमत्ता, लग्न यांचे प्रश्न सुटतात आणि माणूस मेला असं घरच्यांना लिहून द्यावं लागत नाही.

समई ठेवायची की नाही, हे भाचीच्या घरच्यांना विचारा. फलकावर नाव, जन्मसाल, 'ताब्यात घेतले' आणि तारीख. पुढे काहीच नको.

चिठ्ठी मराठीत आणि स्पॅनिशमध्ये, दोन्ही. पूर्ण नाव, तेव्हाचं वय, काम. कुठून, कोणत्या तारखेला, दिवसा की रात्री नेलं. कुणी नेलं हे घरच्यांना जसं माहीत आहे तसंच, म्हणजे 'साध्या कपड्यांतले चार जण' असेल तर तेच. त्यावर आपण तर्काने गुप्त पोलीस संस्थेचं नाव घालायचं नाही. त्यानंतर कुणी पाहिलं असेल तर कुठे. कुटुंबाने कुठे अर्ज केला, काय उत्तर आलं. शेवटची ओळ: आम्ही त्यांना शोधत आहोत. विशेषणं सगळी काढा. आणि पक्की करण्याआधी ती भाचीला मोठ्याने वाचायला सांगा. तिचा जिथे अडखळा होईल ती ओळ बदलायची, चिठ्ठी तिची आहे, तुमची नाही.

बाकी अकरा चित्रांवर खऱ्या बेपत्ता माणसांची नावं घालू नका. त्यांच्या घरच्यांना तुम्ही विचारलेलं नाही.

---

टाकेवाली

खिशाचं राहिलं होतं. मागच्या मांजरपाटावर ८ बाय ६ सेंटिमीटर, तीन बाजूंनी शिवलेला. तो मागचं कापड जोडण्याआधी शिवून घ्या, नंतर शिवाल तर टाके पुढे चित्रात दिसतील. चिठ्ठी पेन्सिलने किंवा बॉलपेनने लिहा, जेलची शाई दमट हवेत फुटते.

वेळेचं गणित: पहिल्या दिवशी पार्श्वभूमी आणि घरं पुरी झालीच पाहिजेत. बाहुल्यांची डोकी आदल्या आठवड्यात घरी करून आणा, प्रत्येकी पाच. दुसऱ्या दिवशी माणसं आणि अक्षरं, शेवटचा दीड तास किनारीला. किनार लोकरीची, क्रोशाने. चौफेर १६० सेंटिमीटर होते, एका चित्राला १५ ग्रॅम लोकर पुरते. कोपऱ्यावर एकाच भोकात तीन खांब घ्या, एकच घेतला तर कोपरा आत वळतो आणि चित्र सपाट लटकत नाही. ज्यांना क्रोशा येत नाही त्यांनी लोकरीने काजाचा टाका घातला तरी चालेल, फक्त दाट घाला.